कूलरमधली बाळंतीण

आमच्या घरात सरळ काहीच होत नाही. दूध उतू गेलं तर नुसतं दूध उतू जात नाही, त्यातून बोध निघते. मी गॅस बंद करून ओटा पुसून राहिली असते, अन् आमचे मास्तर मांगं उभे राहून म्हणतात, "आशा, पाहा, माणसाचा राग असाच असतो." माणसाचा म्हणजे माझा. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच दूध साऱ्या मंडळीच्या ग्रुपवर येते.

मास्तर म्हणजे माझा नवरा, दानियल इंगळे. शाळेतून रिटायर झाले, पण शिकवणं सुटलं नाही. वर्ग गेला म्हणून चर्चच्या लोकाईचा व्हॉट्सॲप ग्रुप धरला. नाव ‘रोजचा मन्ना’. मन्ना म्हणजे देवानं रानातल्या उपाशी लोकाईले आभाळातून दिलेली भाकर. आमचा मन्ना माझ्या स्वयंपाकघरातून जाते. घरातलं नाही तर झाडापाखराचं काहीतरी उचलायचं, त्याले बायबलातलं वचन लावायचं अन् टाकायचं, याले मास्तर मनन म्हणतात. खाली लोक आमेन टाकतात, हात जोडतात, गुलाबाचं फूल ठेवतात. चहा थंड होतवर मास्तर आमेन पाहत बसतात.

जेवणाचंही तसंच. ताट वाढलं की मास्तरांची प्रार्थना सुरू होते. आधी आभार, मग देशाचे पुढारी, मग आजारी माणसं नावानिशी, मग सगळ्याईची सुबुद्धी. तोवर वरणावर साय धरते. लग्न होऊन आली तेव्हापासून या घरात मी गरम वरण खाल्लं नाही.

यंदा एप्रिलात कूलर लावायची वेळ आली. अमरावतीच्या उन्हात कूलर म्हणजे चैन नाही, जीव आहे. मागच्या खिडकीतल्या आमच्या लोखंडी कूलरचं गवत सडलं होतं. मास्तरांनी एका बाजूची गवताची ताटी काढून ठेवली, अन् नवीन गवत आणायचं राहून गेलं, काऊन का त्या आठवड्यात ते ‘वाळलेलं गवत आणि मानवी जीवन’ लिहून राहिले होते. तेवढ्यात त्या उघड्या बाजूनं एक होला आत शिरला. होला म्हणजे पारव्याच्या जातीचं बारकं तपकिरी पाखरू, तोंडावरून गरीब, घर बांधण्यात महाआळशी. मादी होती ती. मोटारीवर चार काड्या टाकल्या, दोन अंडी दिली अन् बसली मांडी घालून.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आशा, तिनं आपल्या घरावर विश्वास टाकला. कूलर लावायचा नाही."

"अन् आपण?"

"आपण सोसू."

आपण सोसू म्हणजे मी सोसू. मास्तर दुपारभर चर्चच्या हॉलमध्ये पंख्याखाली बायकाईचा वर्ग घेतात.

मग काय विचारता! रोज होल्यावर मनन. ती उन्हात कशी हलत नाही, नर कसा पाळीनं बसते, पंख कसे पसरते. ग्रुपवर तिले नाव पडलं, बाळंतीण. चर्चच्या बाया फोन घेऊन पाहाले आल्या, घामानं निथळत माझ्या खोलीत उभ्या राहून "किती शांती आहे हो तुमच्या घरात" म्हणाल्या. पास्टरांनी रविवारी मास्तरांची साक्ष ठेवली, म्हणजे साऱ्याईपुढं उभं राहून आपला अनुभव सांगायचा, विषय ‘घर द्यावं तर असं’. मास्तरांनी मले दम दिला होता, मागच्या खिडकीपाशी भांडं आपटायचं नाही. बाळंतीण दचकते.

अन् माझी बाळंतीण अकोल्यात होती.

आमची वर्षाली. एकुलती एक. मागच्या वर्षी तिनं विपुलसंगं कोर्टात लग्न केलं. पोरगा बार्शीटाकळीच्या माळ्याचा, घरची फुलशेती, अकोल्याच्या बाजारात फुलं विकते. त्याच्या घरचा झेंडू देवळाईत जाते, एवढाच त्याचा गुन्हा. मास्तरांनी रानातल्या फुलांवर आजवर कितीतरी मननं लिहिली असतील, पण फुलवाला जावई म्हणून त्याईले चालला नाही. घरात आरडाओरडा केला असता तर मी निभावून नेलं असतं. मास्तर आरडाओरडा करत नाहीत. त्याईनं मनन लिहिलं. एका जुवाखाली एक उंच अन् एक बुटका बैल जुंपला तर गाडी खड्ड्यात कशी जाते. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. खाली आमेनांचा पाऊस पडला, अन् त्या आमेनांच्या मधात बारीक अक्षरात आलं, वर्षाली ग्रुपमधून बाहेर पडली.

तेव्हापासून बापलेकीचं बोलणं नाही. माझं फोनवर होते. आता पोरगी नवव्यात होती. टिनाच्या खोलीत राहून राहिली होती, रक्त कमी होतं, डॉक्टर म्हणे नुसता आराम पाहिजे. अकोल्याचं ऊन तुमाले सांगायची गरज नाही. पहिलं बाळंतपण माहेरी असते, हे आमच्यातही आहे अन् त्यायच्यातही. तिची सासू गोदाबाई माणूस चांगली, पण तोंडानं फटकळ. एक दिवस तिचा फोन आला.

"विहीणबाई, मी तं करतोच तिचं. पोरीवानी करतो. पण पोरगी रोज दाराकडं पाहून राह्यली. तुमच्या लोकाईत पयलं बाळंतपण माहेरी नसते काय वं?"

असते म्हणाची माझी हिंमत झाली नाही. नसते म्हणाची तं त्याहून नाही. मी म्हणलं, कुकरची शिट्टी होऊन राहिली, अन् फोन ठेवला. कुकर नव्हताच लावला.

त्याच दुपारी मी लाडू करायले बसली. डिंक तळला, मेथी भाजली, खोबरं किसलं. बिनकूलरच्या घरात, मे महिन्यात, तुपाच्या कढईपुढं! घाम कुठला अन् रडणं कुठलं, माझं मलेच समजेना. मास्तर आले, एक लाडू उचलला, अर्धा खाल्ला.

"कोणासाठी?"

"बाळंतिणीसाठी."

मास्तरांनी मागच्या खिडकीकडं पाहिलं. मग उरलेला अर्धा लाडू ताटात परत ठेवला. समजलं होतं त्याईले, चांगलं समजलं होतं. म्हणून तर पुढं काही विचारलं नाही.

"मी आणते तिले," मी म्हणलं. "तुमी बोलू नका तिच्याशी. नुसतं घरात राहू द्या."

"या विषयावर मी प्रार्थना करतो आहे."

"वर्षभर?"

"उत्तर यायचं आहे."

दुसऱ्या दिवशी मन्ना आला, ‘कडू मेथी, गोड गूळ’. माझे लाडू! माझ्या पोरीचे लाडू! खाली पास्टरांनी तीन गुलाब ठेवले होते. मी मनातल्या मनात त्या माणसाले अशी शिवी दिली का सांगता सोय नाही.

होल्याची पिल्लं मोठी झाली. शनिवारी सकाळी दोन्ही उडाली. मी म्हणलं चला, सुटलो, आता ताटी बसवा, कूलर लावा, मी अकोल्याची गाडी पकडते. मास्तर स्टुलावर चढले, आत डोकावले, अन् हळूच खाली उतरले.

"पुन्हा अंडं घातलं आहे," ते म्हणाले. चेहरा असा उजळला होता जसा नातूच झाला. "ती आपलंच घर समजते, आशा. राहू दे तिला. हवं तेवढं राहू दे."

माझ्या डोक्यात काहीतरी खटकन तुटलं. मी भांडली नाही. भांडली असती तर माझंच मनन झालं असतं. मी देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या त्याईच्या खुर्चीत जाऊन बसली, फोन घेतला, अन् आयुष्यात पहिल्यांदा ‘रोजचा मन्ना’वर लिहिलं.

"आजचं मनन. आमच्या कूलरमधल्या बाळंतिणीची पिल्लं उडाली. तिनं पुन्हा अंडं घातलं. तिले कोणी उठवणार नाही. आमची वर्षाली नवव्या महिन्यात आहे. अकोल्यात टिनाच्या खोलीत आहे, अंगात रक्त कमी आहे, रोज दाराकडं पाहून राहिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी असते. पण आमच्या घरात होल्याले जागा आहे, तिले नाही. आशा इंगळे."

पाठवलं. वाटलं आता चर्च हादरते. कोणी फोन करन, कोणी धावत येईन, पास्टर तरी येतीनच.

फोन टुणटुण वाजाले लागला. पहिलं आमेन आलं. मग दुसरं. मग हालेलुया. मग हात जोडलेले, मग गुलाब. चर्चच्या रागिणी मॅडमनं लिहिलं, "आमेन, होला किती गोड!" पास्टरांनी लिहिलं, "अत्यंत सुंदर विचार, आशाताई. प्रभू आपल्या घराला असंच ठेवो."

असंच ठेवो! बाई बाई बाई.

मास्तर आंघोळ करून आले. सवयीनं चष्मा लावला, फोन उचलला. आमेन दिसले तसे हसले. त्याईले वाटलं, कालच्या मननाचे आहेत. मग वर सरकवलं अन् वाचलं. पुन्हा खाली आले. एकेक आमेन वाचत गेले, जसं शाळेत हजेरी घ्यायचे. हसणं कधी गेलं ते मी पाहिलं.

"यांनी वाचलं नाही," मास्तर म्हणाले.

"वाचलं असन. आमेन म्हणाले ना."

"पण हे आमेन म्हणण्यासारखं आहे काय? आपल्या वर्षालीला जागा नाही, याला आमेन?"

"बैलाईच्या मननालेही असेच म्हणाले होते," मी म्हणलं. "तेव्हा तुमी मोजत बसले होते."

मास्तर बसले.  आत कूलरमध्ये होला घुमत होता. मले वाटलं आता यातूनही काही बोध काढतात. काढला असता तर देवाशपथ, मी फोन विहिरीत टाकला असता.

"तिचा नंबर लाव," ते म्हणाले. त्याईच्या फोनमध्ये तो राहिलाच नव्हता.

मी लावून दिला. पोरीले वाटलं मीच आहे, ती म्हणाली, "हॅलो आई."  रिटायर मास्तर, साऱ्या मंडळीले शुद्धलेखन शिकवणारा माणूस, अन् तोंडातून निघालं ते असं, "वर्षे, मी बाबा बोलून राह्यलो. मी तुले न्याले येऊ काय?"

 तिकडून रडं आवरल्याचा आवाज आला.

"येईन, बाबा," ती म्हणाली. "पण माझ्यावर मनन लिहायचं नाही. बाळावरही नाही."

इथं मास्तर अडकले. कूलर सोडणं सोपं होतं, उन्हात अकोल्याले जाणं सोपं होतं. पण हे! घरात तान्हं बाळ येणार, त्याचं रडणं, त्याचं दूध, त्याची मूठ, वर्षभराचा मन्ना डोळ्यापुढून गेला असन. मी त्याईच्या तोंडाकडंच पाहून राहिली होती.

"नाही लिहीत," मास्तर म्हणाले.

दहाच्या आत ते घरातून निघाले. जाताना बाजारात नवा कूलर सांगून गेले, पुढच्या खोलीसाठी, जिथं बसून ते लिहीत. टेबल त्याईनं स्वतः ओढून व्हरांड्यात काढलं.

संध्याकाळी बडनेऱ्याच्या स्टेशनावरून ऑटो आला. आधी विपुल उतरला, दोन पिशव्या घेऊन. मग मास्तर उतरले अन् छत्री उघडली. ऊन कधीच उतरलं होतं, तरी छत्री पोरीच्या डोक्यावर धरली, अन् तिले धरून पायऱ्या चढवल्या. वर्षाली किती वाळली होती! नुसतं पोट अन् डोळे. मी तिले पोटाशी धरली अन् दोघीही रडलो. मग ती मागच्या खिडकीतल्या कूलरमध्ये डोकावली.

"ही कोण वं आई?"

"तुझ्या आधीची बाळंतीण," मी म्हणलं. "हिचं दुसरं सुरू आहे."

पोरगी हसली. वर्षभरानं ऐकलं मी ते हसणं.

रात्री पाट मांडले. वरण, भात, पोळ्या, वांग्याची भाजी. विपुल संकोचून बसला होता, हात जोडून. वर्षालीनं त्याले शिकवून ठेवलं असन, आमच्या घरी आधी प्रार्थना असते, आमेन झालं का जेवायचं. मास्तरांनी डोळे मिटले. मी वरणाकडं पाहिलं अन् मनात म्हणलं, जाऊ दे बापा, आजच्या दिवस साय धरू दे.

"हे प्रभू," मास्तर म्हणाले. "तू आज आमच्या घरी..."

अन् थांबले. ओठ हलले, शब्द आला नाही. पुढारी नाही, आजारी नाही, सुबुद्धी नाही. 

विपुलनं थोडी वाट पाहिली. बिचाऱ्याले वाटलं, झालं असन.

"आमेन," तो म्हणाला.

मास्तरांनी डोळे उघडले. पोराकडं पाहिलं. मग हात पुढं करून त्याच्या ताटात स्वतः वरण वाढलं.

"जेवा, जावईबापू," ते म्हणाले.

वरण गरम होतं.