कलम चौदा आणि वर्नाचा अर्ज

ऑस्टबी नगरपालिकेत मी एकतीस वर्षं मुख्य कारकून आहे. या काळात चार नगराध्यक्षांना शपथ दिली, त्यातले तीन माझ्या मते शपथेच्या लायकीचे नव्हते. चौथा, म्हणजे सध्याचा, लाइल ऑफ्टेडाल, त्या तिघांतलाच एक. तो माझ्याच वर्गात होता आणि तेव्हाही बाकावर नाव कोरून जागा अडवायचा.

यंदा बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याविरुद्ध कुणी उभं राहिलं: शाळेची बस चालवणारी वर्ना हेगस्ट्रॉम. तिचा नवरा मूळचा इथला. आजारपणात त्याला आपल्या गावी परतायचं होतं, म्हणून दोघं शेजारच्या लार्कफील्डहून आले. दोन महिन्यांत तो गेला. वर्ना इथेच राहिली. मोडका पूल अजून बंद का, पोरांना अकरा मैलांचा वळसा का, हे ती प्रत्येक सभेत विचारायची. उत्तर मिळेना, तेव्हा तिने उमेदवारी अर्ज भरला.

लाइलला घाम फुटला. सनदेत, म्हणजे नगरपालिकेच्या मूळ नियमपत्रात, उमेदवाराला गावात दोन वर्षांच्या वास्तव्याची अट आहे, असं गावात सगळेच सांगत आलेले. वर्नाला येऊन एकोणीस महिने झाले होते. लाइलने तिच्या अर्जावर हरकत घेतली आणि सनदेतल्या निवडणूक नियमांची कायदेशीर तपासणी करवून घेण्याचा ठराव आणला, तोही बाहेरच्या वकिलाकडून, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. अक्षर न् अक्षर पाळलं गेलं पाहिजे, असं त्याने ठरावातच घालून घेतलं. मागच्या रांगेत बसलेल्या वर्नाचे कान लाल झाले. मला लाइलची चीड आली.

टॅम्सिन किओ नावाची तरुण वकील आली आणि तिने मूळ सनद मागितली. मी कपाटातून १९११ची प्रत काढून दिली. इतकी वर्षं मी तिच्यावरची धूळ झटकत आले, वाचली मात्र कधीच नाही. उमेदवारीच्या छापील अर्जावर ‘दोन वर्षं वास्तव्य’ एवढं असायचं, त्यावर भागत होतं. याची आता लाज वाटते.

पुढच्या सभेत टॅम्सिनने कलम चौदा वाचलं. ‘उमेदवाराने किमान दोन वर्षं लार्कफील्ड शहरात वास्तव्य केलेलं असावं.’

 १९११च्या सुमारास लहान गावं शेजाऱ्याची सनद सरळ उतरवून घ्यायची. लाइलच्या पणजोबांच्या समितीने लार्कफील्डची घेतली, आणि जिथेतिथे नाव बदलत कलम चौदापाशी आल्यावर बहुधा जेवायची वेळ झाली.

“तुम्ही लार्कफील्डला कधी राहिलात?” टॅम्सिनने लाइलला विचारलं.

“मी? तिथे मी गाडीत पेट्रोलसुद्धा भरत नाही.”

“आणि वर्नाबाई, तुम्ही?”

“चौतीस वर्षं.”

मागे कुणीतरी खोकल्याच्या नावाखाली हसलं. लाइल म्हणाला, ही उघड चूक आहे, हेतू बघा. टॅम्सिनने शांतपणे त्याच्याच ठरावातलं ‘अक्षर न् अक्षर’ दाखवलं. मग तिने दोन वाटा सांगितल्या. अक्षर धरायचं तर उभी राहू शकते एकटी वर्ना. चूक मानायची, तर मतदारांच्या कौलाने दुरुस्ती होईपर्यंत राज्याच्या कायद्यातला तीस दिवसांच्या वास्तव्याचा नियम लावायचा. मग दोघंही पात्र.

सगळ्यांच्या माना वर्नाकडे वळल्या. तिने फक्त अक्षर धरून बसायचा अवकाश, लाइलचा खेळ खलास. खरं सांगते, मी मनातून तेच मागत होते.

वर्ना उठली. “लार्कफील्डची म्हणून मला ती खुर्ची नको. माझा माणूस इथे पुरलाय. त्याच्यासाठी जागा मागितली, तेव्हा तो किती वर्षांनी परत आला, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही. ते कलम बाजूला ठेवा. हरले तर इथली म्हणून हरेन.”

लाइलने खाली बघत हरकत मागे घेतली, तीही पुटपुटत. इतिवृत्तात यायला हवं म्हणून मी त्याला पुन्हा, मोठ्याने म्हणायला लावलं. मग वर्नाचा अर्ज पुढे ओढला, हरकतीने अडवून ठेवलेल्या वास्तव्याच्या रकान्यात ‘रहिवासी, ऑस्टबी’ असं लिहिलं आणि शिक्का मारला. तो जरा जोरातच बसला.