खुनतानच्या घाटातला हॉर्न

लाम्पांगच्या चौकात सरळ जायचं सोडून खाम्पानने गाडी डावीकडे घातली, आणि गाडीच्या पडद्यातली रस्ता सांगणारी बाई लगेच म्हणाली, "शक्य होईल तिथे मागे वळा."

तो वळला नाही. थोडं पुढे जाऊन एका बंद नूडलवाल्याच्या छपराखाली त्याने गाडी उभी केली आणि दोन्ही हात स्टेअरिंगच्या चाकावर ठेवून समोर बघत बसला. शेजारी त्याची धाकटी बहीण सायबुआ मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती. गाठोड्यात केळफुलं होती, आलं होतं, चिकट भाताची टोपली होती. बाळंतिणीला दूध यावं म्हणून जे जे लागतं ते सगळं तिने घरून, फ्रेहून, बांधून घेतलं होतं. जसं काही च्यांगमाईत केळी उगवतच नाहीत.

"काय झालं?" तिने विचारलं.

पेट्रोल बघतो, असं तो पुटपुटला. पेट्रोलचा काटा भरलेला होता. सायबुआला गाडीतलं काही कळत नसलं, तरी भावातलं सगळं कळत होतं.

"शक्य होईल तिथे मागे वळा," बाई पुन्हा म्हणाली. अगदी गोड आवाजात, न कंटाळता.

"ऐक. परक्या बाईलासुद्धा कळतंय कुठे जायचं ते," सायबुआ म्हणाली. "तू मात्र बापाचं काळीज घेऊन निघालास आणि अर्ध्या रस्त्यात सशाचं करून बसलास."

खाम्पानला खरंच घरी परतायचं होतं. उद्या सकाळी त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, तुक्ताचं, पोट फाडून बाळ काढणार होते, आणि बापाला बोलवा असं ती म्हणाली नव्हती. काल जावयाने सायबुआच्या सुनेच्या फोनवर निरोप दिला, तोही चाचरत. बाबा रागावलेत, त्यांना सांगायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. म्हणजे बोलावणं नाहीच. उद्या त्या दवाखान्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि पोरीने भिंतीकडे तोंड फिरवलं तर? बायको जिवंत असती तर तिने मधे पडून दोघांना चार शब्द सुनावले असते. ती जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि भांडणाचं मूळही तिच्याशीच जाऊन पोचत होतं.

बायकोची लाँगनची बाग खाम्पानने विकली होती. झाडांवर चढणं त्याला होत नव्हतं, फळं वटवाघळं खात होती, आणि त्या झाडांखाली त्याला नुसतं उभंही राहवत नव्हतं. म्हणून विकली, आणि जुना ट्रक मोडीत काढून ही गाडी घेतली. तुक्ताला कळलं ते सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, घरी आल्यावर. आईला विकून लोखंड आणलंत, असं ती अंगणात उभी राहून म्हणाली. त्याच्याही जिभेला लगाम राहिला नाही. मग या घरात पाऊल टाकू नकोस, असं तो बोलून गेला. आल्या पावली ती गेली.

पुढे पावसाळ्यात तिचे फोन आले. एकदा नाही, चांगले चार-पाच वेळा.

फोन तो गाडीतच ठेवायचा. घरात ठेवला की सापडत नाही, गाडीत असला की गाडीच तो उचलते, चाकावरचं हिरवं बटण दाबलं की आवाज चारी बाजूंनी येतो, हे त्याला फार आवडलं होतं. संध्याकाळी तो छपराखाली उभ्या गाडीत जाऊन बसायचा, काच खाली करून. पडद्यावर पोरीचं नाव यायचं, तो बटण दाबायचा. 'बाबा?' एवढं ऐकू यायचं. तो म्हणायचा, बोल तुक्ता. ती पुन्हा म्हणायची, 'बाबा?' तो ओरडून ओरडून सांगायचा की आहे मी, बोल. आणि तिकडून एक सुस्कारा यायचा, मग फोन बंद. शेवटी शेवटी त्याला वाटू लागलं की पोरगी मुद्दाम करते. म्हाताऱ्याला ओरडायला लावते आणि मजा बघते. त्यानेही मग उलट फोन केला नाही. दुसरा कोणी त्याला फोन करत नव्हता. सायबुआ कुंपणावरूनच हाक मारायची.

खरी गोष्ट वेगळीच होती. गाडी घरी आणली तशी त्याने ती आधी विहारात नेली होती. भंतेंनी मंत्र म्हटले, आरशाला झेंडूची माळ बांधली, आणि पांढऱ्या लेपात बोट बुडवून चालवणाऱ्याच्या डोक्यावरच्या छताला ठिपके लावले, वर सोन्याचा वर्ख चिकटवला. तेवढ्यावर थांबायचं ना! पण छतातल्या दिव्याशेजारी एक काळी जाळी उघडी दिसत होती. खाम्पानच्या मनाला ते लागलं. हात जोडून तो म्हणाला, भंते, इथेही थोडं. भंतेंनीही हात आखडता घेतला नाही. त्या जाळीमागे गाडीचा कान होता, ज्यातून इथलं बोलणं तिकडे जातं. तो कान लेपाने आणि सोन्याने असा बुजला की माणसाचं बोलणं त्यातून जाईना. हे ना भंतेंना ठाऊक, ना खाम्पानला.

"दादा," सायबुआ म्हणाली. "तू फोनवर मूग गिळून बसतोस म्हणे. जावई सांगत होता. पोरगी रडते रे."

"मी? मी बसतो?" खाम्पान तिच्याकडे वळला. "बोलत नाही ती! मी घसा फोडतो इथे."

सायबुआने मान हलवली. भाऊ आडमुठा आहे हे तिला जन्मापासून माहीत होतं, खोटंही बोलायला लागला हे नवीन होतं. तिने गाठोडं नीट मांडीवर घेतलं आणि सांगून टाकलं की परत जायचं असेल तर खुशाल जा, मला मात्र बसस्टँडवर सोड. आलं माझं आहे. ते मी तिच्यापर्यंत पोचवणार.

खाम्पानने गाडी सुरू केली. बाई तिसऱ्यांदा म्हणाली, शक्य होईल तिथे मागे वळा, आणि या वेळी तो वळला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर बाई गप्प झाली. ते गप्प होणं त्याला शाबासकीसारखं वाटलं.

घाट सुरू झाला. सागाची पानं ओली होती, पुढे केळ्यांनी भरलेला एक ट्रक धापा टाकत चढत होता. सायबुआचा डोळा लागला होता. आणि पडद्यावर नाव आलं. तुक्ता.

त्याचा अंगठा बटणावर गेला आणि तिथेच थांबला. घंटी वाजत राहिली. सायबुआ जागी झाली, तिने पडद्यावरचं नाव वाचलं आणि हात लांब करून स्वतःच ते हिरवं बटण दाबलं.

"बाबा?"

"तुक्ता! ऐकू येतंय? बोल!"

"बाबा?"

"अगं, आहे मी! आत्यापण आहे!"

"हो, मी आहे गं!" सायबुआही ओरडली.

काही नाही. गाडीत फक्त तिकडचा पंखा घरघरत होता. सायबुआने भावाकडे पाहिलं. तिचा चेहराच बदलला होता. आपण याला उगाच खोट्यात काढलं, हे तिच्या ध्यानात आलं.

"ठीक आहे," तुक्ताचा आवाज आला. बारीक, थकलेला. "नका बोलू. पण आज फोन ठेवू नका. मी बोलते, तुम्ही नुसते असा."

खाम्पानने ओरडणं थांबवलं.

मग ती बोलत राहिली. उद्या सकाळी आत नेणार आहेत. बाळ आडवं आहे, डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, पण त्यांना काय जातं म्हणायला. आई असती तर तिने केस विंचरून दिले असते. नर्सने विंचरले, पण तिचा हात कडक आहे. हे असलं सगळं. मधेच ती थांबायची, पलीकडे कोणी आहे का याचा कानोसा घ्यायची, आणि पुन्हा बोलायची. खाम्पान ट्रकच्या मागे मागे गाडी हाकत होता आणि त्याला रस्ता धूसर दिसत होता. सायबुआने पदराची गाठ सोडावी तसं गाठोड्याचं टोक सोडलं आणि त्या टोकाने स्वतःचेच डोळे पुसले.

"झाडं विकलीत त्याचा राग नाही बाबा. मला विचारलं नाहीत, त्याचा आहे. मलाही ती बघवत नव्हती. दोघांनी मिळून विकली असती. बाळ घेऊन मी येणार आहे घरी. तुम्ही काहीही म्हणा. दार उघडाल ना?"

"उघडेन," खाम्पान म्हणाला. "उघडेन गं पोरी."

"नाही ना बोलणार?" ती म्हणाली, आणि रडायला लागली. अगदी लहानपणी रडायची तशी, नाक ओढत.

एवढ्यात घाटमाथा आला. खुनतानच्या देवाचं ठाणं डाव्या हाताला, उदबत्त्यांचा धूर, लाल फुलं. पुढच्या ट्रकने हॉर्न दिला. त्यामागच्या मोटारसायकलने दिला. इथून जाताना हॉर्न देऊन देवाला नमस्कार करायचा असतो; न करता गेलेला माणूस या रस्त्यावर कोणी पाहिलेला नाही. खाम्पानचे डोळे भरलेले, मन भलतीकडे, पण हाताला सवय होती. हात आपोआप गेला आणि त्याने हॉर्न तीनदा दाबला. सायबुआने हात जोडले.

रडणं थांबलं.

फोन कटला असं वाटून सायबुआ पडद्याकडे वाकली.

"बाबा," तुक्ता हळू म्हणाली. "तो हॉर्न... तुम्ही खुनतानला आहात?"

माणसाचं बोलणं त्या बुजलेल्या कानातून जात नव्हतं. पण हॉर्न तो हॉर्न. तो सोन्याच्या वर्खाला थोडाच जुमानतो. खाम्पान पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने हॉर्न दाबला. एकदाच, लांब.

"इकडे येताय?"

हॉर्न.

"थांबा, थांबा. तुमचा आवाजच इकडे येत नाही, हो ना? माझा तिकडे येतो."

हॉर्न. मागच्या गाडीवाल्याला वाटलं असेल, कोण हा भाविक. ठाणं केव्हाच मागे पडलं होतं.

"मग त्या वेळीही... सगळ्या वेळी... तुम्ही बोलत होतात?"

खाम्पानने तळहात हॉर्नवर ठेवला आणि उचललाच नाही. घाट दुमदुमला. पुढच्या ट्रकवाल्याने घाबरून गाडी कडेला घेतली आणि खिडकीतून हात काढून, जा बाबा जा, अशी वाट दिली. सायबुआ हसत होती आणि रडत होती, आणि पुरे रे आता, देव काही बहिरा नाही, असं म्हणत त्याचा हात ओढत होती. त्याचा जीव असा भांड्यात पडला होता की हात उचलायचं त्याच्या ध्यानातच येईना.

उचलला तेव्हा तिकडे तुक्ताही हसत होती. कोणाला तरी सांगत होती, अहो ऐका, बाबा येताहेत. बाबा खुनतानला पोचलेत.

मग ती पुन्हा फोनजवळ आली. लहान असताना जुन्या ट्रकमध्ये ती त्याच्याशेजारी बसायची. हॉर्न द्यायचं काम तिचं, आणि हॉर्न झाला की दर वेळी एकच वाक्य म्हणायचं काम त्याचं. आज ते ती म्हणाली.

"झाला नमस्कार. आता उतार आहे, सावकाश."

खाम्पानने पाय हलका केला. गाडीतली बाई म्हणाली, बराच वेळ सरळ जात राहा, आणि तो हो म्हणाला.