नातीच्या नाकात घातलेले थेंब

तान्ह्या नातीच्या, कहकशांच्या नाकात थेंब घालताना आपण काही चुकीचं करतोय असं जलीलभाईंच्या मनातसुद्धा आलं नाही. उलट एवढं सोपं काम घरात कुणालाच कसं सुचलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

पोर एकोणीस दिवसांची होती. जन्मली तेव्हा चांगली ठणठणीत. नांदेडात इतवाऱ्यातल्या घरी आली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तिचं नाक वाजायला लागलं. सर्दी म्हणावी तर नाक वाहत नव्हतं, अंगात तापही नव्हता. पण श्वास घेताना सारखी घरघर, आणि दूध पिताना तर फारच हाल. दोन घोट घ्यायची, तोंड सोडायची, हवेसाठी धडपडायची आणि मग लालबुंद होऊन रडायची. तिच्याबरोबर तिची आई मुबश्शिराही रडवेली व्हायची. मुबश्शिराला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं होतं. सासू हाजराबीनं ते पदर खोचून अंगावर घेतलं. नातीच्या नाकासाठीही तिनं तिच्या परीनं सगळं केलं. आंघोळीनंतर ओव्याची धुरी दिली, खोलीत लोबान फिरवला, लसूण घालून कढवलेलं तेल छातीला चोळलं, तेच तेल बोटानं नाकपुड्यांत सोडलं. नाक होतं तसंच राहिलं.

घर म्हणजे खाली गाद्यांचा कारखाना आणि वर दोन खोल्या. कारखाना हा तसा मोठा शब्द झाला. कापसाची रुई पिंजायची एक मशीन, बसून गाद्या शिवायला फरशी आणि मागच्या बाजूला रुईची गाठोडी, एवढंच. जलीलभाईंच्या आजोबांपासून घरात हेच काम. मशीन सुरू झाली की बारीक पांढरी भुकटी उडायची आणि जिन्यावर, खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या लंगोट्यांवर जाऊन बसायची. हाजराबी दिवसातून दोनदा झाडू मारायची, आणि त्यापलीकडं त्या भुकटीचा कुणी विचार करत नव्हतं.

जलीलभाईंचं स्वतःचं नाकही अकरा वर्षांपासून चोंदलेलं होतं. कधीतरी एका मेडिकलवाल्यानं नाकात घालायचं औषध दिलं, तेव्हापासून ती इवलीशी बाटली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची. सकाळ, दुपार, झोपताना दोन-दोन थेंब घातले की मिनिटाभरात नाक मोकळं. संपली की दुसरी.

त्या मंगळवारी नबील, त्यांचा मुलगा, सकाळीच लातूरला गेला होता. तिथं शिकवण्यांसाठी येणाऱ्या पोरांच्या एका वसतिगृहाला चाळीस गाद्या पोचवायच्या होत्या. हाजराबी चुलीपाशी आणि मुबश्शिरा न्हाणीत होती. नात आजोबांच्या मांडीवर घरघरत होती. तिची छाती जोरजोरात वरखाली होताना ते पाहत होते. त्यांनी खिशातून बाटली काढली. मोठ्या माणसाला दोन, तर हिला एक थेंब, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण बाटली जरा जोरात दाबली गेली आणि तीन-चार थेंब एकदम आत गेले. मग दुसऱ्या नाकपुडीचं राहायला नको म्हणून तिच्यातही तेवढेच घातले.

पोर शिंकली, रडली आणि थोड्या वेळानं खरोखरच तिचं नाक उघडलं. घरघर थांबली. मुबश्शिरानं तिला पाजायला घेतलं, तर आज ती न थांबता प्याली.

"अम्मी, बघा तरी," मुबश्शिरा सासूला म्हणाली, "आज कशी पोटभर पिऊन राहिली."

हाजराबीच्या तेलाला आणि धुरीला जमलं नाही ते आपल्याला जमलं, याचा जलीलभाईंना आतून आनंद झाला होता. संध्याकाळी नबील आला की सांगू, असं त्यांनी ठरवलं. बाराच्या सुमाराला ते वर आले, तेव्हा नाक पुन्हा किंचित वाजत होतं. पोर झोपलेलीच होती. त्यांनी पुन्हा थेंब घातले आणि खाली गेले.

दीड वाजता हदगावकडचे किशनराव लेकीच्या लग्नाच्या गाद्या न्यायला जीप घेऊन आले. दोघं मिळून गाद्या जीपमध्ये भरत असतानाच वरून हाजराबीची हाक आली.

"नबीलचे अब्बा, वर या जरा. पोर उठत न्हाई."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, जलीलभाई हातातली गादी रस्त्यावर टाकून जिना चढले.

मुबश्शिरा पलंगावर बसली होती आणि ओल्या फडक्यानं पोरीचे गाल पुसत होती. पोरीची मान एका बाजूला कलली होती. हात उचलला की सुटून खाली पडत होता. रंग राखेसारखा झाला होता. जलीलभाईंनी तिच्या पोटाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागं घेतला. एप्रिलच्या भर दुपारी, पत्र्याखालच्या त्या खोलीत, पोर गार लागत होती. ती एक श्वास घ्यायची, मग काहीच नाही, आणि आता संपलं असं वाटेपर्यंत दुसरा घ्यायची.

किशनराव जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभे होते. त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "चला, बसा जीपीत. बोलत बसू नका."

गाद्यांच्या ढिगापुढं दाटीवाटीनं बसून ते निघाले. रस्त्यात मुबश्शिरा एकच गोष्ट करत होती. पोरीच्या तोंडाशी कान नेऊन श्वास ऐकत होती आणि प्रत्येक श्वासाला "घेतला" असं पुटपुटत होती. जलीलभाईंना तेव्हाही त्या बाटलीची आठवण झाली नाही. खरंच झाली नाही. हे त्यांनी पुढं स्वतःला खूपदा विचारून पाहिलं.

लहान मुलांच्या दवाखान्यात डॉक्टर आरतीबाई होत्या. त्यांनी पोर हातात घेतली आणि एक शब्द न बोलता आत नेली. नागम्मा नावाच्या सिस्टरनं प्राणवायू लावला, अंगाखाली गरम गादी सरकवली, छातीला तारा चिकटवल्या. दार अर्धवट उघडं होतं. मशीनवरचा आकडा पाहून नागम्मा म्हणाली, "मॅडम, ठोके लई कमी पडून राहिलेत."

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "बाळाला काय दिलंय? औषध, घुटी, काही चाटवलं असेल तर सांगा. लपवू नका."

"अंगावरच्या दुधाशिवाय काही न्हाई," मुबश्शिरा म्हणाली. मग तिची नजर सासूकडं गेली.

हाजराबीचा चेहरा उतरला. "तेल घातलं मी नाकात. लसणाचं. आणि धुरी दिली."

"आज?"

"आज न्हाई. काल, परवा."

"नाकात तेल घालायचं नसतं. ते श्वासाबरोबर फुप्फुसात जातं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तेलानं ठोके असे कमी होत नाहीत. मला रक्तात किंवा मेंदूत जंतू गेल्याची शंका येतेय. पाठीतून पाणी काढून तपासावं लागेल. इथं सही करा."

मुबश्शिरा सासूकडं बघत होती. हाजराबी भिंतीला टेकून खालीच बसली. "माझ्याच हातानं झालं," असं ती सारखं म्हणू लागली, "माझ्याच हातानं झालं."

आणि आत्ता जलीलभाईंना खिशातली बाटली आठवली.

सगळं अंग एकदम रिकामं झाल्यासारखं त्यांना वाटलं. ती बाटली सदऱ्याच्या आत बरगडीला लागत होती. सांगायला हवं, हे त्यांना कळत होतं. जीभ मात्र हलेना. नागम्मानं कागद आणला. मुबश्शिरानं त्यावर नाव लिहिलं. किशनरावांनी हाजराबीला पाणी दिलं. हे सगळं जलीलभाईंना काचेपलीकडून दिसावं तसं दिसत होतं. थेंबांनी काय होणार, रोज आपण घालतो, असं एक मन म्हणत होतं. दुसऱ्या मनाला सगळं कळून चुकलं होतं. आणि त्यांची बायको जमिनीवर बसून त्यांचा गुन्हा आपल्या अंगावर घेत होती.

पाच मिनिटं गेली असतील, कदाचित सात. आत सुई तयार करताना नागम्मानं ट्रे उचलला. त्या आवाजासरशी ते उठले आणि दारातून थेट आत गेले.

"डॉक्टरबाई, हे मी घातलंय," ते म्हणाले आणि बाटली पुढं केली.

आरतीबाईंनी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. "कधी? किती थेंब?"

"सकाळी दहाला. मग बारा वाजता परत. दोन्ही वेळेला सात-आठ."

"मोठ्या माणसाचं औषध आहे हे."

"हाव."

त्यांनी जलीलभाईंकडं पुन्हा पाहिलं नाही. नागम्माला सुई बाजूला ठेवायला सांगितली आणि भराभर दुसऱ्याच सूचना दिल्या. जलीलभाई बाहेर आले. दार उघडंच होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. मुबश्शिरा त्यांच्याकडं अशी बघत होती, जणू हा माणूस तिनं आधी कधी पाहिलाच नव्हता. हाजराबीचं पुटपुटणं थांबलं होतं.

डॉक्टरबाईंनी मग समजावून सांगितलं. ह्या औषधानं नाकाच्या आतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून नाक उघडतं. पण एवढ्याशा जिवात ते रक्तातून मेंदूपर्यंत जातं. बाळ गाढ झोपतं, अंग गार पडतं, ठोके मंदावतात आणि श्वास घ्यायचंच विसरून जातं. त्यावर उतारा असा नाही. ऊब द्यायची, श्वास चालू ठेवायचा, ठोके सांभाळायचे आणि औषध उतरायची वाट पाहायची.

"सांगितलंत म्हणून पाठीतली सुई वाचली," त्या म्हणाल्या. "लगेच सांगितलं असतंत तर बरं झालं असतं."

नबील संध्याकाळी लातूरहून थेट दवाखान्यात आला. त्याला काय आणि कुणी सांगितलं, हे जलीलभाईंना कळलं नाही. तो त्यांच्या शेजारच्या बाकावर बसला, पण मध्ये एक जागा सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, चिरका, चिडलेला आवाज. मुबश्शिरा धावली. जलीलभाई बसल्या जागी तोंडावर रुमाल धरून रडले.

पोरीला आणखी एक दिवस ठेवून घेतलं. घरी सोडायच्या आधी आरतीबाईंनी सगळ्यांना समोर बसवलं. नागम्मानं एक बारीक मऊ नळी दोन्ही नाकपुड्यांतून घालून पाहिली होती. कधी कधी एखाद्या बाळाला जन्मतःच नाकाची वाट मागून बंद असते. तसं काही इथं नव्हतं.

"तान्हं बाळ बहुतेक नाकानंच श्वास घेतं," त्या म्हणाल्या, "आणि ते नाक किती बारीक असतं बघा. जराशी सूज, जरासा शेंबूड वाळला, तरी घरघर होते. पुष्कळ बाळांचं काही महिन्यांत आपोआप जातं. तुमच्या घरात काही धूर, धूळ असते का?"

कुणी बोलायच्या आत मुबश्शिरा म्हणाली, "खाली रुईची मशीन हाय. आणि धुरी."

"मग औषध कशाला शोधत होता? बाळाला आधी त्यातून बाहेर काढा. मेडिकलमधले मिठाच्या पाण्याचे थेंब आणा, लहान बाळांचे, साधे. पाजायच्या आधी एक-एक थेंब घाला, जरा थांबा, बाहेर आलेलं मऊ फडक्यानं टिपा. फारच दाटलं तर रबरी फुग्यानं हलक्या हातानं ओढा, पण सारखं नाही. तेल, धुरी, लसूण, सगळं बंद. आणि दूधच घेईना, श्वास घेताना बरगड्या आत ओढायला लागली, ओठ निळे पडले, तर तडक इकडं या."

मग त्या जलीलभाईंकडं वळल्या. "आणि तुम्ही हे किती दिवसांपासून घालताय?"

"अकरा वर्षं."

त्यांनी डोळे मोठे केले. "हे चार-पाच दिवसांच्या वर घालायचं नसतं. उतरलं की नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, म्हणून तुम्ही परत घालता. तुमचं नाक आता ह्या औषधामुळंच बंद राहतंय. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा."

जलीलभाईंचा हात सवयीनं सदऱ्याच्या खिशाकडं गेला. अकरा वर्षं आपण उपाय म्हणून जे घालत आलो, तेच आपलं दुखणं होतं. आणि तेच आपण नातीला दिलं. दोन दिवसांत त्यांना एवढे धक्के बसले होते की ह्या धक्क्याला ठेवायला मनात जागाच उरली नव्हती.

मुबश्शिरा पोरीला घेऊन इतवाऱ्यातल्या घरी आलीच नाही. नबीलनं दोघींना लातूरला तिच्या खालेकडं, म्हणजे मावशीकडं, नेऊन सोडलं. बारा-तेरा दिवसांत पोरीचं नाक पुष्कळ मोकळं झालं, असं फोनवर कळलं. फोन हाजराबीकडं यायचा. जलीलभाई पलीकडच्या खोलीतून ऐकायचे.

त्याच दिवसांत त्यांनी मशीन हलवली. विष्णुपुरीच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड मिळाली. मशीन, गाठोडी, फरशीवरची सगळी शिलाई तिकडं गेली. घराच्या भिंती, गज, जिना त्यांनी आणि हाजराबीनं तीन दिवस धुऊन काढला. धुता धुता हाजराबीनं एकदा हात थांबवून विचारलं, "मी तिथं खाली बसून रडून राहिले होते. तुम्ही गप कसे बसले?"

तोंडात आलेलं प्रत्येक वाक्य जलीलभाईंना खोटं वाटलं. "ठाऊक न्हाई," एवढंच ते म्हणाले. तिनं बादली उचलली आणि पुढच्या पायऱ्या धुवायला घेतल्या.

चाळीस दिवसांची आंघोळ लातुरातच झाली आणि त्यानंतरच्या आठवड्यात नबील दोघींना घेऊन आला. जलीलभाई दारापासून जरा लांबच उभे राहिले. मुबश्शिरानं चप्पल काढली, सासूला सलाम केला, घरभर एक नजर टाकली. मग सासऱ्यांसमोर येऊन थांबली.

"अब्बा, तिला काहीबी द्यायचं असलं तर आधी मला विचारायचं. पाणीसुद्धा."

"हाव, बेटा."

तिनं पोर त्यांच्या हातात दिली. कहकशां आता चांगली जड लागत होती. तिनं त्यांच्या दाढीकडं टक लावून पाहिलं, एक जांभई दिली आणि बघता बघता डोळे मिटले. जलीलभाईंनी वाकून तिच्या तोंडाशी कान नेला आणि श्वास रोखून ऐकत राहिले.

"झोपलीय अब्बा," मुबश्शिरा म्हणाली. "गाडीत डुलकीबी घेतली न्हाई तिनं. झोपू द्या."

त्यांनी मान हलवली. पण कान काही लगेच काढला नाही.