लिंबांच्या कापडाची चिंधी

"बूच मार ना एक त्या टाकीच्या नळीला, वोरो! दिवसभर आपलं टिप टिप, टिप टिप. डोकं उठतं माझं," फिनाबाई म्हणाल्या.

वोरो त्यांच्या स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसून, पाणी तापवायच्या टाकीतून काढलेली विजेची कांडी खरवडत होता. स्पेनमधल्या या वालेन्सिया शहराच्या नळाचं पाणी म्हणजे निम्मा दगडच. बोटाएवढी कांडी दोन वर्षांत मनगटाएवढी होते, किटल्या आतून पांढऱ्या पडतात, टॉवेल पापडासारखे कडक होतात, आणि वोरोसारख्या नळवाल्यांची पोटं भरतात. एकेचाळीस वर्षं तो लोकांच्या घरचा चुना खरवडत आला होता.

"बूच मारायचं नसतं, फिनाबाई. तापलं की पाणी फुगतं, आणि जास्तीचं त्या नळीतून थेंबाथेंबानं बाहेर पडतं. ती वाट बंद केलीत, तर एक दिवस टाकी छप्पर फोडून वर जाईल, आणि मागोमाग तुम्ही."

"जाईन की! वर माझा नवरा वाटच बघतोय."

वोरो हसला. हसता हसता त्यानं वायसरसाठी पेटीच्या तळाशी हात घातला, आणि हाताला एक नळी लागली. वीतभर, पांढरी. तिच्या टोकाला पिवळ्या लिंबांच्या कापडाची एक चिंधी बांधलेली होती.

अशी नळी काढतात ती एकाच कामासाठी: तिच्या जागी बूच मारायला. पितळी बूच आवळणारा स्वतःचा हात त्याला लख्ख दिसला. 'नवा व्हॉल्व्ह मिळेपर्यंत, दोनच दिवस,' हे आपलेच शब्दही आठवले. घर मात्र आठवेना. कधीची गोष्ट, तेही आठवेना.

आठवण दगा देते हे त्याला वर्षभर कळत होतं, पण त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं. किल्ल्या विसरल्या की तो खिशाला भोक पडल्याचं सांगायचा. आता मात्र शहरात कुठल्या तरी घरात एक टाकी तोंड दाबून तापत होती, आणि ते तोंड त्यानंच दाबलं होतं. आत कांडीवर चुना चढला की तापमान मोजणारा काटाही आंधळा होतो. मग टाकी तापतच राहते.

फिनाबाईंचं काम कसंबसं उरकून तो चौकातल्या बाकावर बसला आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन लावू लागला. दिवस फायासच्या सणाचे. गल्लोगल्ली फटाके उडत होते, आणि प्रत्येक आवाजासरशी तो धूर कुठून निघतो ते बघत होता.

"मी वोरो, नळवाला. तुमच्या टाकीखाली पितळी बूच आहे का, बघता जरा?"

"टाकी तू लावलीस आणि तूच विचारतोस?" पहिल्याच घरानं चिडवलं. "म्हातारा झालास की काय?"

"झालोय," वोरो म्हणाला. "विसरलोय मी. बघा ना, कृपा करा."

हे वाक्य त्यानं अकरा घरांना ऐकवलं. कुणाकडेच बूच नव्हतं. दोन वाजता चौकात रोजची फटाक्यांची माळ लागली. जमीन हादरत होती, लोक टाळ्या पिटत होते, आणि वोरो दोन्ही कान दाबून घराकडे पळत सुटला. जुन्या गिऱ्हाइकांची वही घरी होती.

एम्पार, त्याची बायको, स्वयंपाकघरात भाताचं पातेलं घासत होती. "हळू! एवढं कोण मागं लागलंय? आणि बरा आलास. दोन दिवस पाणी कसलं कढत येतंय! सकाळी माझा हात पोळला."

वोरो वही शोधत होता. पेटी टेबलावर उघडी होती. एम्पारनं नळी उचलली.

"ही अजून पेटीतच? तरी म्हटलं, नवा व्हॉल्व्ह आणला कसा नाहीस."

"कुणाची आहे ती?" त्यानं विचारलं.

एम्पारनं चिंधी त्याच्यापुढे धरली. "आपली, वोरो. आपल्या जुन्या पडद्याची चिंधी मीच नाही का बांधली, थेंब नीट वाडग्यात पडावेत म्हणून? खालच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या वाळत्या कपड्यांवर पाणी गळतं म्हणून तूच बूच लावलंस. पंधरा दिवस झाले."

मागच्या गॅलरीत टाकी घूं घूं करत होती. असा आवाज टाकीनं करायचा नसतो. वोरोनं धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. एम्पारचा हात नळाकडे गेला, तसा तो ओरडला, "हात लावू नको! वाफेनं भाजशील. बाहेर!"

मग त्यानं वरची, खालची, समोरची दारं बडवली. नऊ माणसं चपला घालत जिन्यातून खाली रस्त्यावर आली.

"कुठल्या गाढवानं बूच लावलं?" खालची कडाडली.

"मी," वोरो म्हणाला. "लावलं आणि विसरलो."

एम्पारनं त्याचा हात घट्ट धरला होता. तीन तास ते समोरच्या फुटपाथवर तिसऱ्या मजल्याकडे बघत उभे राहिले. काही झालं नाही.

मग वोरो एकटाच वर गेला. टाकी कोमट होईपर्यंत आणखी थांबला आणि बूच फिरवून काढलं. आतलं पाणी फस्सकन उडालं, मग धार झाली, मग थेंब. त्यानं नळी जागेवर बसवली आणि खाली वाडगा ठेवला.

एम्पार दारात येऊन उभी राहिली. "उद्या जायचं ना डॉक्टरकडे?"

"जाऊ." त्यानं पेटी बंद करून तिच्या हातात दिली. मग एक कागद घेतला, टाकीवर चिकटवला आणि त्यावर मोठ्या, ठळक अक्षरांत सावकाश लिहिलं: बूच लावू नये. क्षणभर थांबून त्यानं खाली आणखी एक ओळ लिहिली.

हे माझं घर आहे.