चादर कोणत्या बाजूला पिळायची

माझी सून चित्रं काढते. भिंतीवर टांगायची नाहीत, हलणारी. ॲनिमे म्हणतात त्याला. मी इतकी वर्षं त्याला कार्टून म्हणत आले आणि ती दर वेळी "आई, कार्टून नव्हे" म्हणत आली, तेव्हा आता मीच शब्द बदललाय. कुणीतरी थकायलाच हवं होतं.

तिचं काम तिनं मला एकदा समजावलं होतं. काम पाठवणाऱ्या मूळ कंपनीतले मोठे चित्रकार हालचालीचं पहिलं चित्र काढतात आणि शेवटचं काढतात. हात वर आणि हात खाली. मधली पंधरा-वीस चित्रं हिच्यासारख्यांनी भरायची, म्हणजे हात खरंच खाली आल्यासारखा दिसतो. मी म्हटलं, "म्हणजे साहेबानं पाया घालायचा, कळस ठेवायचा आणि भिंती तू बांधायच्या. नाव कुणाचं?" ती म्हणाली, "शेवटी येतं ना माझं, बारीक अक्षरांत." ते मी पाहिलंय. शिंक आली तर चुकेल एवढा वेळ असतं.

मला ही नोकरी पसंत नव्हती, खोटं कशाला बोलू? माझी लाँड्री आहे, तीस वर्षांची. मशीन दोन आहेत, पण हॉटेलच्या मोठ्या चादरी मशीनमध्ये गोळा होतात, कडा फाटतात. त्या मी हातानंच धुते आणि हातानंच पिळते. पिळायला समोर दुसरं माणूस लागतं. पोरगा माझा कामाचा नाही, दोन चादरींत त्याची कंबर धरते. सून मात्र दणकट. दर शनिवारी सकाळी तिची सुट्टी असते तेव्हा ती समोर उभी राहते. माझा उजवा खांदा आता रात्री ठणकतो, तेव्हा तिनं नोकरी सोडावी, लाँड्री हातात घ्यावी, हे मी मनात धरून होते. मनातच नाही, तोंडानंही दहादा बोलले होते.

तर एका शुक्रवारी संध्याकाळी ती आली आणि चप्पल न काढताच खुर्चीवर बसली. पोरानं विचारलं, "काय झालं?"

झालं असं होतं. 'बंदरावरच्या बहिणी' नावाची एक जुनी मालिका आहे. पंचवीस वर्षांपूर्वीची, पण अजून लोक तिच्यावर जीव टाकतात. आता ती पुन्हा नव्यानं काढतायत. गोष्ट दोन बहिणींची, बंदरावर दवाखान्याचे कपडे धुतात. सातव्या भागात दोघी समोरासमोर उभ्या राहून चादर पिळतात आणि पिळता पिळता धाकटी सांगते, मी आता गावी परतणार नाही. जुन्या मालिकेतला सगळ्यांचा लाडका प्रसंग म्हणे तो. नव्यात तो सुनेच्या वाट्याला आला. पहिलं आणि शेवटचं चित्र वरून आलं, मधली अठरा तिनं काढली.

भाग दाखवला गेला आणि लोक तुटून पडले. जुन्यात दोघींचे हात सारखे फिरतात, आरशात पाहावं तसे. हिच्या चित्रात एकीचे हात आपल्याकडे येतात, दुसरीचे पलीकडे जातात. कुणीतरी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी लावून फोनवर सगळीकडे पाठवले आणि खाली लिहिलं, नव्यांना नक्कलही धड करता येत नाही.

"साहेब म्हणाले, भाग पुन्हा दाखवायच्या आधी जुन्यासारखं करून दे," सून म्हणाली. "सोमवारपर्यंत. नाहीतर चित्रांवरून काढून रंग भरायला बसवतील."

"मग दे करून," पोरगा म्हणाला.

"पण माझं बरोबर आहे असं वाटतंय मला."

"वाटतंय?"

"आता नाही सांगता येत. इतकी माणसं चूक म्हणतायत. आणि रंगच भरायचे असतील तर मी सोडेन. सात वर्षं काय त्यासाठी घासली?"

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मनात म्हटलं, बरं झालं. देवानं ऐकलं. वरून एवढंच म्हणाले, "जेवून घ्या, निवतंय."

शनिवारी ती न बोलवता टाकीपाशी आली. बारा चादरी होत्या. पाचव्या चादरीला ती मध्येच थांबली आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"आई, आपण पिळतो ते बरोबर ना?"

"तीस वर्षं पिळतेय. चूक असतं तर आतापर्यंत हॉटेलातली माणसं ओल्या चादरीवर झोपून न्यूमोनियानं गेली असती."

ती हसली नाही. तिनं का विचारलं ते मीही विचारलं नाही. पिळता पिळता मी तिला लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर दोन टेबलं टाकता येतील, इस्त्रीवाली बाई ठेवता येईल, असं सगळं सांगितलं. ती "हूं" म्हणत राहिली. ते "हूं" मला आवडलं नाही, पण गरजवंताला अक्कल नसते. मी बोलतच राहिले.

रविवारी दुपारी मी वाचनालयाचे टेबलक्लॉथ पोचवायला गेले. दर रविवारी जाते. मागच्या खोलीत ॲनिमेवाल्यांची बैठक असते, तेही मला माहीत होतं. महिन्यातून दोनदा येतात, बिस्किटांचा चुरा सांडतात आणि तो माझ्याच टेबलक्लॉथवर असतो. त्यांचा पुढारी म्हणजे आमच्या गल्लीतला दातांचा डॉक्टर. चाळीस-बेचाळीसचा. माझी वरची दाढ त्यानंच काढली. बाकी एक नर्स आणि कॉलेजातल्या दोन मुली.

मी दारात पोचले तेव्हा जोरात वाद चालला होता.

"नव्याचे रंग बघा ना," नर्स म्हणत होती. "समुद्र खरा वाटतो. जुन्यात निळी सतरंजी हलवल्यासारखा होता."

"समुद्र दिसायला नको, जाणवायला हवा," डॉक्टर म्हणाला. "जुन्यात माणसं गप्प बसायची. नव्यात कुणी श्वास घेतला तरी मागे व्हायोलिन."

"तुम्हाला जे लहानपणी बघितलं ते सगळंच ग्रेट," एक मुलगी म्हणाली. "मी जुने सहा भाग बघितले. तीनदा झोप लागली."

"सातवा बघितलास?"

"सातवा नाही."

"मग तू काहीच नाही बघितलंस." त्यानं भिंतीवर ते दोन तुकडे लावले. डावीकडे जुना, उजवीकडे नवा. "हे बघ. दोघींचे हात एकदम, एकसारखे फिरतात. कारण मनानं त्या एक आहेत. थोरली आता एकटीच गावी जाणार आहे, तरी. एकही संवाद न बोलता सांगितलंय. आणि हे नवीन बघ. एक इकडे, एक तिकडे. ज्यानं हे काढलं त्यानं जन्मात कधी चादर पिळलेली नसणार."

सगळे हसले. नर्ससुद्धा.

मी टेबलक्लॉथचा गठ्ठा खाली ठेवला. घरात सुनेला मी काय वाटेल ते बोलते, तो माझा हक्क आहे. पण माझ्या टाकीवर हाताला फोड येईपर्यंत पिळणाऱ्या बाईला हा खुर्चीवर बसून दात कोरणारा माणूस असं बोलणार?

"काल सकाळीच बारा पिळल्या तिनं," मी म्हटलं.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"कोणी, मावशी?" डॉक्टरनं विचारलं.

"जिनं हे काढलं तिनं. माझी सून आहे ती. आणि हे पुन्हा लावा बघू, दोन्ही."

त्यानं लावलं. मी एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. आणि सांगते, तेव्हा मला शनिवारचा तिचा प्रश्न कळला. जुन्या चित्रातल्या त्या दोघी, लोकांच्या लाडक्या, चादर पिळतच नव्हत्या. नुसती फिरवत होत्या.

"डॉक्टर, घरी कपडे कोण धुतं?"

"मशीन आहे."

"नर्सबाई?"

"मशीनच, मावशी."

"तरीच."

मी गठ्ठ्यातला वरचा टेबलक्लॉथ उचलला. कडक इस्त्रीचा होता, माझाच जीव खाली-वर झाला. पण तो कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये घालून नळ सोडला आणि निथळता तसाच घेऊन आले. ग्रंथपालबाई "अहो, अहो" करत मागे आल्या. म्हटलं, "बाई, फरशी मी पुसून देईन, आधी हे होऊ द्या."

"डॉक्टर, हे टोक धर. समोर उभा राहा. आता जुन्यासारखं करू. तू उजवीकडे पीळ, मी डावीकडे. आरशात बघितल्यासारखं."

आम्ही पिळलं. टेबलक्लॉथ आमच्यामध्ये लाटणं फिरावं तसा आख्खाच्या आख्खा फिरला. पाणी आपलं होतं तिथंच, वजनानं जेवढं ठिबकेल तेवढं ठिबकत.

"अजून फिरव," मी म्हटलं. "मनं एक आहेत ना आपली? फिरव."

कॉलेजवाली मुलगी खुदकन हसली आणि तिनं फोन वर धरला.

"आता तूही तुझ्या उजवीकडे, मीही माझ्या उजवीकडे. तोंडं समोरासमोर आहेत, म्हणजे बाजूनं बघणाऱ्याला एकाचे हात इकडे आणि एकाचे तिकडे दिसणार. बघ भिंतीवर. दिसतायत ना? पीळ."

दोन पिळ्यांतच टेबलक्लॉथचा दोरखंड झाला आणि पाण्याची धार अशी सुटली की नर्सनं पाय वर घेतले. हातच्या कांकणाला आरसा कशाला? ग्रंथपालबाईच काय ते बोलल्या, त्याही फरशीबद्दल.

डॉक्टर ओल्या हातांनी भिंतीकडे बघत उभा राहिला. "मग ही मधली चित्रं तुमच्या सुनेनं उगाच नाही काढली अशी."

"पहिलं आणि शेवटचं वरून येतं," मी म्हटलं. एवढं मलाही आता कळत होतं. "कोणत्या बाजूनं फिरायचं ते मधल्यानं ठरवायचं असतं. तिनं ठरवलं. बरोबर ठरवलं."

"पंचवीस वर्षं कुणाच्याच लक्षात कसं नाही आलं?" नर्स म्हणाली.

"तुम्ही सगळे रडत होतात ना," दुसरी मुलगी म्हणाली.

डॉक्टर खाली बसला. "हा भाग मी आणि माझ्या बहिणीनं मिळून वीस वेळा तरी पाहिला असेल," तो म्हणाला. "ती आता लांब असते. खरं सांगू का मावशी, तुमचं बरोबर असेल, पण मला जुनाच आवडतो."

"आवडू दे की. आवडायला कोण नको म्हणतंय? माझ्या नवऱ्याला करपलेला भात आवडायचा. पण म्हणून चांगल्या शिजलेल्या भाताला तो कच्चा म्हणायचा नाही."

मला वाटतं त्यानं मान हलवली. मी फरशी पुसली, ओला टेबलक्लॉथ परत घेतला आणि घरी आले.

संध्याकाळी सून फोन हातात घेऊन माझ्यासमोर उभी. त्या मुलीनं आमचं पिळणं जिथं तिथं पाठवलं होतं.

"आई, हे काय केलंत?"

"टेबलक्लॉथ पिळला."

"माझं नाव सांगितलंत?"

"सून म्हटलं. नाव नाही सांगितलं." मग म्हटलं, "तू बरोबर होतीस तर ठणकावून सांगायचं नाही का?"

ती खाली बसली. "जुनं ज्यांनी काढलं ते फार मोठे चित्रकार आहेत, आई. मला वाटलं, त्यांना माहीत असणार. त्यांनी मुद्दाम केलं असणार. तुम्हाला विचारलं मी टाकीवर."

"धड विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, सोड ते, इकडे ये."

हे खरं होतं. मी तो ओला टेबलक्लॉथ झटकून दोरीवर टाकला.

"उद्या मी साहेबांना सांगणार आहे, बदलणार नाही," ती म्हणाली. "ऐकलं नाही तर शेवटचा दिवस. मग येईन लाँड्रीत. तुम्हाला हवं तसंच होईल."

आता बघा, घास माझ्या तोंडापर्यंत आलेला होता. "साहेबाशी कशाला वाकडं घेतेस, दे करून" म्हटलं असतं, तर तिनं ते करून दिलं असतं, आणि सहा महिन्यांत कंटाळून आपणहून टाकीवर आली असती. किंवा नुसतं "तुझं तू बघ" म्हटलं असतं तरी चाललं असतं. खांदा दुखत होताच.

"बदलू नकोस," मी म्हटलं. "आणि जाताना एक मोठा टॉवेल घेऊन जा. बोलून त्या साहेबाला कळायचं नाही."

ती घेऊन गेली. साहेबानं आधी वेळ नाही म्हणून सांगितलं. मग रंग भरणाऱ्या दोघांनी फोनवरचा आमचा तमाशा त्याला दाखवला, तेव्हा हात धुवायच्या जागेत जाऊन त्यानं स्वतः टॉवेल पिळून पाहिला. बाहेर आला तो बाह्या ओल्या करून. तरी स्वतःच्या जिवावर काही ठरवायची त्याची छाती नव्हती, त्यानं वर मूळ कंपनीला विचारलं. तीन दिवस उत्तर नाही. ते तीन दिवस सुनेला नीट जेवण गेलं नाही आणि मी तिला एकदाही जेव म्हटलं नाही, कारण मलाही जात नव्हतं. गुरुवारी एका ओळीचं उत्तर आलं, चित्र आहे तसं राहू द्या. शाबासकी नाही, काही नाही. पण अकराव्या भागातली दोर ओढण्याची सगळी हालचाल तिच्याकडे आली. आता शनिवारीही जावं लागतं तिला.

लोकांची तोंडं काही बंद झाली नाहीत. बरोबर असून दिसायला वाईट आहे, असं अर्धे म्हणतात. नर्स मला वाटेत भेटली की सांगते कोण काय म्हणालं ते. मी ऐकून घेते. दोन-चार जणांना उत्तरं मीच सांगितली, तिनं लिहिली.

काल मी हॉटेलात गेले आणि मॅनेजरला म्हटलं, पुढच्या महिन्यापासून मोठ्या चादरी दुसरीकडे द्या, मी फक्त लहान कपडे घेईन.

"तीस वर्षांनी, बाई?" तो म्हणाला. "कुणी मदतीला नाही का घरात?"

"आहे," मी म्हटलं. "पण तिला तिचं काम आहे."

सुनेला अजून सांगितलेलं नाही. चादरी यायच्या बंद झाल्या की कळेलच.