खालच्या गल्लीतलं घर

खालच्या गल्लीत वायरमनला सगळे करंटकाका म्हणत. नऊ वर्षांपूर्वी नदी पहिल्यांदा घरांत शिरली, तेव्हा त्याने घरोघरी जाऊन जमिनीजवळचे सगळे प्लग काढले आणि छातीइतक्या उंचीवर बसवले. पुढच्या दोन पुरांत सामान भिजलं, पण शॉक कुणालाच बसला नाही. याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवणं काही त्याला जमत नसे.

शेजारच्या बाई निवृत्त शिक्षिका. त्यांनीच त्याला चौथीत शिकवलेलं, म्हणून पन्नाशी उलटली तरी तो त्यांच्यापुढे खुर्चीच्या कडेवरच टेकायचा. गुडघे फारच कुरकुरायला लागले, तशा बाई मुलीकडे कायमच्या राहायला निघाल्या आणि त्यांनी घर विकायला काढलं.

एका सकाळी त्यांनी त्याला बोलावलं. घरांचा एजंट आधीच येऊन बसला होता.

"हे प्लग तेवढे खाली घ्या," एजंट म्हणाला. "भिंतीच्या मध्यावर प्लग दिसला की गिऱ्हाईक कारण विचारतं. मग पुराचा विषय निघतो आणि भाव पडतो. तीन गिऱ्हाइकं अशीच गेली."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "घेशील का रे?" त्या हळूच म्हणाल्या.

बाईंना नाही म्हणायची त्याच्या जिभेला सवय नव्हती. संध्याकाळपर्यंत त्याने पुढच्या खोलीतले चारही प्लग खाली आणले आणि वरची भोकं बुजवली. जेवताना त्याच्या तोंडून एकही विनोद निघाला नाही, म्हणून बायकोने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

रविवारी गिऱ्हाईक आलं. एक शिंपी, त्याची बायको आणि म्हातारी आई. दिवे-पंखे दाखवायला करंटकाका हजर होताच.

"मशीन इथे खिडकीशी," शिंपी खुशीत म्हणाला. "प्लगही पायाशीच आहे. आई, तुझा पलंग या कोपऱ्यात."

करंटकाकाने आधी तो कोपरा पाहिला, मग खाली आणलेला प्लग. तो तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"इथे पाणी येतं," त्या वर्गात बोलायच्या तशा ठणठणीत आवाजात म्हणाल्या. "नऊ वर्षांत तीनदा आलं. माझ्या कमरेपर्यंत. प्लग वर होते, ते मी परवा खाली आणवले. चूक माझी, याची नाही."

एजंटाने कपाळावर हात मारला. शिंप्याचं कुटुंब चहा अर्धा टाकून उठलं.

"बाई, मी सांगणारच होतो," ते गेल्यावर करंटकाका पुटपुटला.

"माहीत आहे. लहानपणीसुद्धा काही लपवलंस की तुझे कान लाल व्हायचे. म्हटलं, याच्या आधी आपण बोललेलं बरं."

बुधवारी शिंप्याची आई एकटीच आली. "टेकडीवरच्या घरांचे भाव ऐकले आणि आल्या पावली परत फिरलो," ती म्हणाली. "आमच्या ऐपतीतली घरं सगळी नदीकाठचीच. जिथे जावं तिथे म्हणतात, पाणी? छे हो! खरं फक्त तुम्ही सांगितलंत. भाव कमी करा, उरलेल्या पैशांत आम्ही माळा बांधू. मुलाची समजूत मी काढते."

बाईंची मुलगी फोनवर कुरकुरली, एजंटाने नाक मुरडलं, पण बाईंनी भाव उतरवला. प्लग पुन्हा वर गेले, या खेपेला खांद्याइतके. भक्कम लाकडी माळा झाला. बाई गेल्या त्या दिवशी करंटकाका टेम्पोमागे कोपऱ्यापर्यंत चालत गेला आणि डोळ्यांत धूळ गेल्याचं सांगत परत आला.

पुढच्याच वर्षी नदी पुन्हा गल्लीत आली. करंटकाकाच्या घराला माळा नव्हता. शिंप्याच्या आईने त्याला आणि त्याच्या बायकोला हाताला धरून वर बसवलं. दुपारी बाईंचा फोन आला.

"पाणी कुठवर आहे रे?"

"मांडीपर्यंत, बाई."

"आणि तू?"

"मी तुमच्या घरात. कोरडा."

"त्यांच्या घरात म्हण," बाईंनी चूक सुधारली. "दे जरा आजींना."

त्याने फोन दिला. मग दोघी म्हाताऱ्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागल्या, त्या बॅटरी संपेपर्यंत थांबल्याच नाहीत.