सांगून टाकलेली ताई

परदेशातल्या शिबिरात मुलांना इंग्रजी शिकवायला जाते म्हटल्यावर घरच्यांनी धाकटीला वेड्यातच काढलं. बँकेतली हक्काची रजा, तीही फुकट राबण्यात घालवायची! पण ताई आजारपणात गेल्यापासून तिचा जीव घरात रमत नव्हता. आई ताईबद्दल अवाक्षर काढत नसे, बाबांनी तर फोटोही उतरवून ठेवले होते. आता ताई होती ती धाकटीच्या आठवणींत, आणि त्या तिने तळहाताच्या फोडासारख्या जपल्या होत्या.

शिबिर तळ्याकाठच्या एका शाळेत होतं. व्यवस्थापक बाईंनी आल्या आल्या कामाची रीत सांगितली. पुस्तकातलं काही पोरांच्या डोक्यात टिकत नाही. आपल्या घरातली खरी गोष्ट इंग्रजीत सांगायची आणि मुलांकडून ती परत वदवून घ्यायची.

"मात्र देताना जरा हात राखून द्या," बाई म्हणाल्या. असते एकेकाची बोलायची तऱ्हा, म्हणून धाकटीने ते सोडून दिलं.

तिच्या वाट्याला आलेली मुलगी मूग गिळून बसायची. चित्रं झाली, गाणी झाली, काही उपयोग नाही. शेवटी धाकटीने ताईची गोष्ट काढली. पोहायला शिकवताना ताईने पोटाखालचा हात हळूच काढून घेतला, आणि धाकटी गटांगळ्या खाताना स्वतः हसत सुटली!

दुसऱ्या दिवशी मुलगी घडाघडा बोलू लागली. "मी माझ्या बहिणीला पोहायला शिकवलं. पाणी गार होतं. तिचे ओठ निळे पडले होते."

ओठांचं धाकटी बोललीच नव्हती. खोलीवर येऊन तिने तो दिवस आठवून पाहिला. काल काहीतरी सांगितल्याचं आठवत होतं, पण आपल्याला पोहायला कोणी शिकवलं, ते काही केल्या आठवेना.

शहाण्या माणसाने तिथेच थांबावं. पण वर्गातून निघताना मुलीने तिच्या डोक्यात हलकीच टपली मारली होती, थेट ताईसारखी. त्या टपलीसाठी धाकटी आसुसली होती. मग तिने रोज एक गोष्ट दिली. ताईची भांडणं दिली, ताईने करपवलेलं जेवण दिलं. मुलीची मान ताईसारखी कलू लागली, हसणं तसंच फुटू लागलं. इकडे धाकटीला ताईचा आवाज आठवायला मुलीजवळ बसावं लागे.

बाईंनी तिला व्हरांड्यात गाठलं. "मागचे शिक्षकही इथून खुशीत गेले हो. कोण भेटलं म्हणून एवढे खूश, ते मात्र त्यांना सांगता येईना."

अखेर एकच गोष्ट उरली. दवाखान्यात शेवटच्या दुपारी ताईने तिला खाली वाकवून कानात काहीतरी सांगितलं होतं. ते तिने आईलाही सांगितलं नव्हतं.

"एवढंच राहिलंय गं," मुलगी म्हणाली. चक्क मराठीत.

दिलं की संपलं, हे धाकटीला स्वच्छ कळत होतं. पण मनात ठेवलेली ताई काही टपली मारत नाही. एकदा, फक्त एकदा तिला ताईला डोळे भरून पाहायचं होतं. ती पुढे झुकली आणि मुलीच्या कानात सगळं सांगून टाकलं.

समोरच्या चेहऱ्यावर रंग भरला. "अगं धाकटे!" म्हणत ती उठली, धाकटीच्या गळ्यात पडली आणि हुंदके देत बोलतच सुटली. "किती वाळलीस गं! आई कशी आहे? बाबा चिडतात का अजून? मला घरी ने गं, धाकटे."

धाकटीने गळ्यातले हात हळूच सोडवले. इतक्या लांब कोणी मराठी बोलणारं भेटलं, याचं तिला बरं वाटलं. बिचारी फारच रडत होती. धाकटीने तिला पाणी दिलं, बाकावर बसवलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुमची काहीतरी चूक होतेय. मी आईबाबांची एकुलती एक आहे."